दळणाचा दर आणि भाड्याची शिडी

निमतळ्यात दळणाचा दर किलोमागे सात रुपयांवरून पाच रुपयांवर आला, आणि तो माझ्या वडिलांनी आणला.

असं काही झालेलं नाही. सरकारी कागद तसं म्हणतो. त्यावर गोल शिक्का आहे, आणि गोल शिक्क्याशी मी वाद घालत नाही. तेव्हा जे झालंच नाही ते कसं झालं, तेवढं सांगतो.

त्या सोमवारी आई सिंधूमावशीच्या गिरणीवरून दळण न दळताच परत आली आणि बाजरीचा डबा तिनं ओट्यावर आपटला.

"सात रुपये म्हणे! शनिवारी पाच होते. एका रविवारात दोन रुपये? बाजरी तीच, जातं तेच, सिंधूचं तोंडही तेच."

"मग दौंडकरांकडे जायचं," मी म्हणालो.

"गेले होते. सात."

"मुनाफभाई?"

"सात. गावात गिरण्या तीन, आणि तिघांनाही एकाच दिवशी एकच आकडा सुचतो?"

मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. महिन्यापूर्वीच कॉलेजात ग्राहक दिनाच्या निबंध स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला होता. स्पर्धक दोन होते, पण प्रमाणपत्रावर तसं लिहीत नाहीत. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या प्रमाणपत्राभोवती भिंतीवरच सोनेरी रंगाची चौकट काढून दिली होती. त्या चौकटीकडे बघत मी गंभीर आवाजात म्हणालो, "आई, हे संगनमत आहे."

"असेल. आधी तो डबा उचल."

अडचण एवढीच होती की संगनमत करायला माणसं एकमेकांशी बोलावी लागतात, आणि आमचे तिन्ही गिरणीवाले अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मुनाफभाईंच्या बोकडानं दौंडकरांच्या गिरणीचा नवाकोरा पट्टा खाल्ला होता. दौंडकरांनी एकदा हळदीवर गहू दळले होते आणि ते पिवळं पीठ सिंधूमावशीच्या गिरणीचं आहे अशी हवा गावात केली होती. सिंधूमावशी आणि मुनाफभाई यांच्यातलं कारण दोघांनाही आठवत नव्हतं, त्यामुळे ते मिटतही नव्हतं. तिघं लग्नात भेटले तरी तीन वेगळ्या पंगतींना जेवत.

मी तिन्ही गिरण्यांवर जाऊन दराच्या पाट्यांचे फोटो काढले. पत्र्याच्या पाट्या, पांढऱ्या जमिनीवर लाल अक्षरं: ‘दळण किलोस रु. ७’. आकडा ताजा होता. एकावर माशी चिकटून वाळली होती, म्हणजे तिघांनीही सोमवारच्या आत रंगवून घेतलं होतं, हे मी माशीवरून सिद्ध केलं. तक्रार चार पानी झाली. त्यातलं एक पान माशीवर होतं.

संध्याकाळी ती मी अण्णांना वाचून दाखवली. ते अंगणात बसून ब्रश धूत होते. अण्णा म्हणजे मुरलीधर उदावंत, गावाच्या तोंडी मुरली पेंटर. शाळा, दवाखाना, दूध डेअरी, पतपेढी, स्मशानभूमीचं फाटक, गावातलं सगळं वाचण्यासारखं त्यांनी लिहिलेलं. बायकांच्या दळणाच्या डब्यांवर नावंही त्यांचीच, म्हणजे डबे बदलू नयेत म्हणून. ती ते फुकट लिहीत.

"छान लिहिलंयस," ते म्हणाले. "दोषी सापडला तर काय करणार?"

"त्याचं नाव सरकारदरबारी लागेल. मोठ्या अक्षरात."

"मग मला सांग. मी लिहून देतो. दोषी असला म्हणून काय झालं, ओळ सरळ नको का?"

तक्रार तहसीलला गेली. तिथून ती वजनमापवाल्यांकडे गेली. त्यांनी येऊन तिन्ही गिरण्यांचे काटे तपासले, काटे बरोबर निघाले, त्यांनी कागद परत पाठवला. मग तो पुरवठा शाखेत गेला. तिथं दळण हा पुरवठा आहे की सेवा यावर दोन महिने विचार झाला. शेवटी पुरवठा निरीक्षक बोऱ्हाडे मॅडम स्वतः सुनावणीला येणार असं पत्र आलं. बुधवार, सकाळी अकरा, ग्रामपंचायतीचं सभागृह. बुधवार अशासाठी की आमच्याकडे त्या दिवशी वीज नसते, गिरण्या बंद असतात, मालक मोकळे असतात.

सभागृहात चाळीसेक माणसं जमली. बायका निषेध म्हणून रिकामे डबे घेऊन आल्या होत्या. त्यांत आईही होती. मागच्या भिंतीला शिडी लावून अण्णा वर चढले होते. सुनावणीशी त्यांचा संबंध नव्हता. भिंतीवर आजवरच्या सरपंचांची नामावली रंगवायचं काम त्यांच्याकडे होतं, शिडी मंडपवाल्याकडून दिवसाच्या भाड्यानं आणलेली, त्यामुळे सुनावणी असो की काही असो, काम थांबवणं परवडणारं नव्हतं. ते चौदाव्या सरपंचापर्यंत पोचले होते.

मॅडमनी चष्मा पुसला. "तुम्ही तिघांनी मिळून दर ठरवला का?"

"मिळून?" दौंडकर उभे राहिले. "मॅडम, ह्या माणसाच्या बोकडानं माझा पट्टा खाल्ला, तेव्हापासून मी त्याच्या तोंडाकडे बघितलेलं नाही."

"मॅडम, त्यांना सांगा," मुनाफभाई म्हणाले, "बोकड वारला."

"ते इथेच बसलेत. तुम्हीच सांगा ना."

"मी बोलत नाही त्यांच्याशी."

मॅडमनी दौंडकरांना सांगितलं की बोकड वारला.

"वाईट झालं, असं कळवा," दौंडकर म्हणाले.

मॅडमनी कळवलं. मग त्या सिंधूमावशीकडे वळल्या.

"माझं सरळ आहे बाई," मावशी म्हणाली. "वीजबिल वाढलं. जात्याला टाकी मारायला आता नगरहून माणूस आणावा लागतो. परवडेना, म्हणून मी सात केले. ह्या दोघांनी का केले ते ह्यांनाच विचारा. माझं बघून केले असतील, दुसरं काय येतं त्यांना?"

"तुझी पाटी बघायला माझ्या गिरणीचा रस्ता तिकडून जात नाही, असं सांगा त्यांना," मुनाफभाई मॅडमना म्हणाले. "मला तर..." आणि ते एकदम थांबले. त्यांनी टोपी काढली, बघितली, परत घातली.

"म्हणजे बोलणं नाही, भेट नाही, फोन नाही," मॅडम म्हणाल्या. "मग संगनमत झालं कसं?" आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं. दुपारची एस.टी. सव्वाला होती.

मी उभा राहिलो. हा माझा क्षण होता. निबंधातही शेवटच्या परिच्छेदात मी असाच उभा राहिलो होतो.

"मॅडम, हे फोटो बघा. तीन गिरण्या, एकच लाल. आकड्याचं वळण बघा. साताची शेपटी बघा, तिन्हीकडे तशीच खाली येऊन किंचित डावीकडे वळते. तीन वेगळी माणसं अशी तीन शेपट्या काढूच शकत नाहीत. ह्यामागे एकच हात आहे."

मॅडमनी फोटो डोळ्यांजवळ नेले. "आहे खरा," त्या म्हणाल्या. "आणि ही कोपऱ्यात बासरी कसली?"

मी फोटो हातात घेतला. उजव्या कोपऱ्यात, खाली, बोटभर बासरी होती आणि तिच्याखाली बारीक अक्षरात ‘मुरली’. तिन्ही फोटोंत.

आता तुम्ही म्हणाल, ह्या गाढवाला इतका वेळ कळलं कसं नाही. मी त्या बासरीखाली शाळा शिकलो. त्या बासरीखाली मला लशी टोचल्या. मला मराठी अक्षरं अण्णांच्याच वळणाची असतात असं वाटायचं. दुसऱ्या गावाला गेलो की तिथल्या पाट्या मला चुकलेल्या वाटायच्या. आपलं नाक आपल्याला दिवसभर दिसत असतं आणि तरी दिसत नाही, तसं ते होतं.

"मुरली कोण?" मॅडमनी विचारलं.

चाळीस माणसांनी चाळीस जोडी चपला बघितल्या. एकानंही मान वर करून शिडीकडे पाहिलं नाही. निमतळ्यात कुणी कुणाचं काही झाकून ठेवल्याचा तो एकमेव नोंदलेला प्रसंग, आणि तोही नोंदलेला नाही.

"आणि तुमचं पूर्ण नाव काय म्हणालात?" मॅडमनी मला विचारलं.

"चेतन."

"पूर्ण."

चार पानी तक्रारीत मी पंधरा वेळा ‘सूत्रधारावर कठोर कारवाई व्हावी’ असं लिहिलं होतं. सोळाव्यांदा तोंडी म्हणायच्या बेतात होतो. आणि गावात फ्लेक्सवाले आल्यापासून अण्णांकडे नेमानं येणारी गिऱ्हाइकं उरली होती ती ग्रामपंचायत आणि ह्या तीन गिरण्या.

"मॅडम," मी म्हणालो, "मी तक्रार मागे घेतो."

"का?"

"अभ्यास आहे."

"मागे कशाला घेतोस?" वरून आवाज आला. "एवढं छान लिहिलंयस."

शिडीला अकरा पायऱ्या होत्या. अण्णांनी आधी ब्रश डब्यात ठेवला, मग चौदाव्या सरपंचाचं अर्धं राहिलेलं आडनाव एकदा बघून घेतलं, आणि सावकाश अकराच्या अकरा पायऱ्या उतरले. हात फडक्याला पुसले. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मग मॅडमच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"मुरली मी. मुरलीधर उदावंत. हा माझा मुलगा. दर ह्या तिघांनी नाही ठरवला मॅडम, मी ठरवला."

"अण्णा, गप बसा," मी पुटपुटलो.

"तू बस. तुझं बोलून झालंय." ते मॅडमकडे वळले. "सिंधूताईंनी रविवारी बोलावलं, म्हणाल्या पाचाचे सात करा. पाटी उंचावर, म्हणून शिडी लागते. शिडी दिवसाच्या भाड्याची. त्यांचं काम अर्ध्या तासाचं. डब्यात लाल रंग उरला, त्याच्यावर साय धरते, वाया जातो. म्हणून शिडी सायकलला बांधली आणि मुनाफभाईंकडे गेलो. म्हणालो, रंग उरलाय, सिंधूताईंचे सात केलेत, तुमचं काय? ते म्हणाले, तिचे सात आणि माझे पाच म्हणजे माझं पीठ हलकं की काय? करा. मग दौंडकरांकडे गेलो. ते जेवून झोपले होते. वहिनी म्हणाल्या, बाकीच्यांचं जे असेल ते करा. केलं."

"हे पहिल्यांदाच?"

अण्णांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मला वाटतं, ते त्यांनाही तेव्हाच कळत होतं.

"नाही," ते म्हणाले. "दोनाचे तीन झाले तेव्हाही असंच. तिनाचे चार, चाराचे पाच. अकरा वर्षं हे बोलत नाहीत आणि अकरा वर्षं तिघांचा दर एकच आहे. मी सायकलवरून नेत होतो तो. मला वाटायचं मी रंग वाचवतोय."

"तुम्हाला ह्यात काय मिळालं?"

"एका शिडीच्या भाड्यात तीन पाट्या."

सभागृहात कुणीतरी हसलं आणि आईनं मागे वळून बघितल्यावर हसायचं थांबलं.

"जाऊ दे ना पेंटर," दौंडकर उठले. "झालं ते झालं. आता सात लिहिलंय ना, राहू द्या सात."

"दौंडकर बरोबर बोलतोय," मुनाफभाई म्हणाले.

"मुनाफभाई म्हणतात तेच बरं," सिंधूमावशी म्हणाली.

अकरा वर्षांत ते पहिल्यांदा एकमेकांशी बोलत होते. दौंडकरांनी तर मुनाफभाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "बोकड कशानं गेला?"

"मॅडम!" मी ओरडलो. "संगनमत! आत्ता! तुमच्यासमोर!"

मॅडमनी घड्याळ बघितलं. "जेवण झालं की स्थळपाहणी करू," त्या म्हणाल्या.

अण्णा मात्र जागचे हलले नाहीत. "मुनाफभाई, तुम्ही मला बोलावणं धाडलं होतंत?"

"नाही, पण..."

"दौंडकर, तुम्ही?"

"मी झोपलो होतो म्हटलं ना."

"म्हणजे तुमच्या दोघांचं काम मी न बोलावता केलं. जे मी न बोलावता लिहिलं ते मी पुसणार. सिंधूताई, तुम्ही बोलावलं होतंत. तुमचे सात राहतील."

"आणि ह्यांचे पाच होतील?" मावशी किंचाळली. "मग माझ्याकडे काय चिमण्या येतील दळायला? पुसा माझंही!"

"पेंटर, विचार कर," दौंडकर हळू आवाजात म्हणाले. "उद्या पाटी फ्लेक्सवाल्याकडून करून घेईन."

"करा. त्याला तरी बोलावून सांगा."

अण्णांनी शिडी खांद्यावर घेतली. तेवढ्यात आई उठली, डबा दुसऱ्या बाईच्या हातात दिला आणि म्हणाली, "टर्पेंटाइन घरी राहिलंय. मी आणते, तुम्ही व्हा पुढे."

भर दुपारी शिडी पुढे, मागे रिकामे डबे घेतलेल्या बायका, त्यांच्या मागे टर्पेंटाइनची बाटली घेतलेली आई आणि सगळ्यात मागे मी, अशी आमची वरात तिन्ही गिरण्यांवर गेली. अण्णांनी तिन्ही सात पुसले. घाईनं नाही. शेपटीपासून सुरुवात करून, बाजूच्या अक्षराला धक्का न लावता.

जेवून आलेल्या बोऱ्हाडे मॅडमनी तिन्ही पाट्या पाहिल्या. ‘दळण किलोस रु.’ आणि पुढे पांढरा पत्रा. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि सव्वाची एस.टी. पकडली. ती पावणेदोनला आली.

त्यानंतर अण्णांनी नियम काढला. आकडा ज्याचा त्यानं एकट्यानं येऊन सांगायचा. दुसऱ्याचा विचारायचा नाही, विचारला तर मिळणार नाही. आणि तिघांचे सांगून होईपर्यंत एकाचाही रंगवणार नाही.

गुरुवारी तिघंही येऊन गेले, तीन वेगळ्या वेळांना, तिघंही इकडेतिकडे बघत. अण्णा प्रत्येकाला अंगणात पार कुंपणापर्यंत नेत आणि कान पुढे करत.

"मला तरी सांगा," आई म्हणाली.

"तुझं दळण कुठं असतं?"

"सिंधूकडे."

"मग तुला तर नाहीच."

शुक्रवारी त्यांनी शिडी आणली आणि फक्त मुनाफभाईंची पाटी रंगवली. निळ्या रंगात. शिडी परत केली. शनिवारी पुन्हा शिडी आणली, दौंडकरांची पाटी, हिरव्या रंगात. परत केली. मंडपवाला म्हणाला, "पेंटर, वेड लागलं का? एका दिवसात उरकलं असतं की." रविवारी तिसऱ्यांदा शिडी आणली आणि सिंधूमावशीची पाटी लाल रंगात केली. डब्यात उरलेला लाल त्यांनी तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर साय धरली.

"आकडे तर गुरुवारीच सांगून झाले होते," मी विचारलं. "मग तीन दिवसांचं भाडं कशाला भरलंत?"

"गावाला दिसायला हवं ना," ते म्हणाले.

मुनाफभाईंचे पाच होते. दौंडकरांचे साडेचार, कारण त्यांना खात्री होती की मुनाफभाई पाच सांगणार. सिंधूमावशीचे सहा, कारण तिचा खर्च खरोखरच सहा होता. पुढच्या आठवड्यात मावशी वैतागून पाचावर आली. दौंडकर महिनाभर चिडीनं साडेचारात दळत बसले आणि मग गुपचूप पाचावर आले. दर वेळी ज्यानं त्यानं स्वतः येऊन सांगितलं, आणि दर वेळी अण्णांनी शिडीचं वेगळं भाडं भरलं. त्या महिन्यात पाट्यांमधून त्यांना जे मिळालं ते सगळं शिडीला गेलं. त्या महिन्यासारखं ताठ चालताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. मीही त्यांच्या मागून ताठच चालत होतो, फक्त टर्पेंटाइन धरून.

वर्षभरानं तिन्ही गिरण्यांवर फ्लेक्स लागले. फ्लेक्सवाला शेवगावचा. तिघांनी एकत्र ऑर्डर दिली तर तो सवलत देतो. अण्णा सायकलवरून जाताना तिन्हीकडे थांबले, वर मान करून बघितलं आणि घरी येऊन म्हणाले, "अक्षर बरं आहे. पण कुणाचं आहे ते कळत नाही."

आता त्यांचा हात कापतो, ते पाट्या लिहीत नाहीत. माहितीच्या अधिकारात मी बोऱ्हाडे मॅडमचा अहवाल मिळवला. तो दोन ओळींचा आहे. ‘प्रत्यक्ष स्थळपाहणीत तिन्ही फलकांवर कोणताही दर आढळून आला नाही. सबब दरवाढ झाल्याचे अथवा कोणी ती घडवून आणल्याचे दिसून येत नाही, प्रकरण निकाली.’ खाली गोल शिक्का.

तेव्हापासून दरवर्षी ग्राहक दिनाला मी तहसील कार्यालयात एक अर्ज देतो. पोच मिळते, उत्तर येत नाही. यंदाचा अर्ज असा:

मा. तहसीलदार साहेब यांस,

विषय: निमतळे येथील दळण दर प्रकरणाच्या अहवालात दुरुस्ती करणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करतो की, सदर अहवालात ‘कोणी ती घडवून आणल्याचे दिसून येत नाही’ हे वाक्य वस्तुस्थितीस धरून नसल्याने रद्द करण्यात यावे, आणि त्या जागी श्री. मुरलीधर उदावंत, पेंटर, यांचे नाव सदर दरवाढीचे व त्यानंतरच्या दरकपातीचे एकमेव सूत्रधार म्हणून नोंदविण्यात यावे. नाव मोठ्या अक्षरात, हाताने, लाल रंगात, सरळ ओळीत असावे व उजव्या कोपऱ्यात बासरी असावी. शिडीची व्यवस्था अर्जदार स्वखर्चाने करेल.

आपला विश्वासू,
चेतन मुरलीधर उदावंत